मी आपोआप पेटले नाही

मी आपोआप पेटले नाही. हे सांगून सांगून माझी पट्टी ठिसूळ झाली, पण एकानं मानलं असेल तर शपथ. "इंग्रजी फिल्म होती, लई तापट माल, आपोआप पेटली," असं म्हणायचं, सुपारी कातरायची आणि पुढच्या गप्पांना लागायचं. जसं काही मीच काडी ओढली आणि मीच माझ्या अंगाला लावली! स्वतःच्या चुलीतली आग शेजारणीच्या नावावर खपवणारी माणसं ही, तिथं माझ्यासारख्या डब्यात पडलेलीची काय कथा. पण आता मी गप्प बसणार नाही. मी तीच जळलेली फिल्म बोलतेय, आणि ज्याला ऐकायचं नसेल त्यानं खुशाल उठून जावं.

माझा जन्म परदेशातला. सिनेमाला तेव्हा नुकतंच तोंड फुटलं होतं. माझ्या थोरल्या बहिणी सगळ्या मुक्या. माझ्यात मात्र जे दिसायचं ते वाजायचंसुद्धा. चाकं करकरायची, चाबूक कडाडायचा, नदी खळाळायची, बाई रडली तर रडणं ऐकू यायचं.

गोष्ट साधी होती. जमिनीच्या आशेनं पुष्कळ कुटुंबं गाड्यांना बैल जुंपतात, गाड्यांवर पांढऱ्या कापडाची कमान ताणतात आणि एकामागं एक मावळतीकडं निघतात. वाटेत नदी लागते, वाळवंट लागतं, बर्फाचा डोंगर लागतो. एका बाईचा सासरा वाटेतच मरतो. त्याला पुरून, माती हाताला तशीच असताना, तिला पुढं गाडी हाकावी लागते. आणि ज्यांच्या जमिनीवरनं ह्या गाड्या चालल्या होत्या, त्या तिथल्या मूळच्या लोकांना माझ्यात दरोडेखोर दाखवलं होतं. घर त्यांचं, आणि चोरही तेच! मला ते पहिल्या दिवसापासून खटकलं. पण फिल्मला कोण विचारतो? जे अंगावर उठलं ते दाखवायचं.

बोटीनं मुंबईला उतरले, तिथनं औरंगाबादच्या छावणीत आले. गोरे सोजीर शिट्ट्या मारत मला बघायचे. ज्याच्या हाती गेले त्यानं मला कात्री लावली. एकानं चुंबन कापलं, एकानं नाच कापला. एका ऑपरेटरनं तर माझ्या नायिकेच्या हसण्याचा तुकडा कापून आपल्या पाकिटात ठेवला. त्यामुळं ती बाई हसायला म्हणून मान वळवायची आणि एकदम नदीवर धुणं बडवताना दिसायची. पुढं खेड्यातले लोक म्हणायचे, "मडमा लई कामाच्या असतात बरं का."

मग छावणी रिकामी होत गेली. मी एका थेटराच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली पडून राहिले. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, रस्त्यावरचे झेंडे बदलले. खुर्च्यांखाली काही बदललं नाही. एक दिवस दार उघडलं आणि बद्रीनाथनं मला मोडीच्या भावात उचललं.

बद्रीनाथ म्हणजे फिरत्या तंबू-टॉकीजचा मालक. लासूर स्टेशन, देवगाव रंगारी, कन्नड, जिथं बाजार तिथं त्याचा तंबू. गोरापान, गोडबोल्या, कुणाशी वाकडं म्हणून नाही. कुणाशीच वाकडं नसलेली माणसं मला आवडत नाहीत. का, ते पुढं कळेल.

त्याचा ऑपरेटर कमरोद्दीन. दोघं लहानपणापासून एका ताटातले दोस्त. कमरोद्दीन उंच, काळा, तोंडात कायम पान, आणि जिभेला हाड नाही. रझाकारांच्या दिवसांत टोळकं तंबू लुटायला आलं, तेव्हा ह्यानंच मशीन कडब्याच्या गंजीत दडवलं आणि गंजीसमोर मांडी घालून बसला. "ये गंजी मेरी, बैलां मेरे, तुमना क्या होना?" असं त्यांना तोंडावर विचारलं. पुढं ॲक्शन झाली आणि वारं मुसलमानांवर उलटलं. तेव्हा बद्रीनाथनं कमरोद्दीनला, त्याच्या बायकोला मेहरुन्निसाला आणि त्यांच्या तान्ह्या सगीराला आपल्या घरात ठेवून घेतलं, गावात शांत होईस्तोवर. तेही खरं. मी खोटं बोलणारी नाही. त्यानं केलं ते केलं म्हणेन.

आणि तिसरी मनकर्णाबाई, बद्रीनाथची बायको. खेळ संपला की माझं रीळ उलटं गुंडाळायचं काम तिचं. मशीनशेजारी लोखंडी पेटीवर बसून ती एका हातानं दांडा फिरवायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी माझी कड चाचपायची. कुठं चिरले असले तर लगेच थांबायची, सांधायची. बायकांच्या हाताला माझं अंग कळायचं. पुरुष मला नुसते बघायचे.

तंबूत पडदा मधोमध ताणलेला असायचा. पुढच्या बाजूला पुरुष, मागच्या बाजूला बायका. पडदा पाण्यानं भिजवला की चित्र आरपार दिसायचं. त्यामुळं पुरुषांच्या बाजूला गाड्या डावीकडं निघायच्या आणि बायकांच्या बाजूला उजवीकडं. घरी गेल्यावर त्यावरनं भांडणं व्हायची म्हणे. मला मात्र बायकांची बाजू आवडायची. तिकडं कुणी मध्येच उठून विडी फुंकायला जायचं नाही.

इंग्रजी कुणाला कळत होतं! पण कमरोद्दीन मशीनशेजारी पत्र्याचा भोंगा घेऊन बसायचा आणि सगळं सांगायचा. ते सुद्धा माझ्यात होतं तसं नाही, त्याला वाटेल तसं. गाड्यांच्या रांगेला तो 'तांडा' म्हणायचा, पुढाऱ्याला 'नाईक', आणि गाडी हाकणाऱ्या बाईचं नाव त्यानं हौसाबाई ठेवलं होतं. "अब देखो, हौसाबाईका सासरा चल बसा. नाईक म्हणतोय, बाई, रडायला वेळ नाही, पाऊस यायच्या आत नदी ओलांडायची. हौसाबाई क्या बोलती? म्हणती, भाऊ, एवढी माती तर लोटू द्या." माझ्यात असलं एक अक्षर नव्हतं. पण खरं सांगते, मला माझ्या मूळच्या बोलण्यापेक्षा त्याचंच बरं वाटायचं.

चाकं करकरली की बाजारकरी ओरडायचे, "अरे, वंगण घाला त्याला!" सगळा तंबू हसायचा. पण गाड्यांवर हंडे, पेट्या, खाटा बांधलेल्या दिसल्या की हसू थांबायचं. पुरुषांच्या बाजूलाही आणि बायकांच्या बाजूलाही. खाट बांधलेली गाडी त्या दोन-तीन वर्षांत सगळ्यांनीच पाहिली होती. कुणी ॲक्शनच्या आधी पाहिली होती, कुणी नंतर. कुणी गाडीत बसून, कुणी दारात उभं राहून.

आता त्या संध्याकाळचं ऐका.

लासूरचा बैलबाजार भरला होता. दिवेलागणीचा पहिला खेळ. पुढं खुर्चीवर नानासाहेब बसले होते. देवगाव रंगारीकडचे मोठे जमीनदार, बैलांचे शौकीन. त्यांच्या बैलांच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या, आणि त्यांच्या मिशांना तूप. त्यांच्या मागं जमिनीवर सांडू बसला होता. हा बैलांचा व्यापारी. आयुष्य रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्यात गेलेलं, आणि तोंड असं की बैल परवडला, सांडू नको.

तांडा डोंगर चढायला लागला. पडद्यावर बैलांच्या जोड्या मोठ्या झाल्या. सांडू ओरडला, "अरे, ह्यांना वशिंडच नाय की!"

तंबूत गलका झाला. खरंच वशिंड नव्हतं. पाठ सपाट, म्हशीसारखी. मग जू टेकतं कशावर?

"शिंगांना बांधलंय," नानासाहेब म्हणाले.

"मानंला हाय, नानासाहेब. खालनं लाकडाची कमान दिसती."

"सांडू, तू शेळ्या विकत जा. बैलातलं तुला काय कळतंय?"

"व्हय जी. तुम्ही पोळ्याला पूजा करत जावा. पारख करायला डोळं लागत्यात."

सगळा तंबू खदखदून हसला. नानासाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते उठून उभे राहिले, त्यांची सावली माझ्या बैलांवर पडली. "मानेवर निघालं तर हा फेटा तुझ्या डोक्यावर ठेवीन! थांबव रे ते मशीन. बैल उभा कर."

बाजारात बैल घेताना असंच करतात. चालता बैल कुणी घेत नाही. उभा करायचा, दात बघायचे, मानेवरनं हात फिरवायचा, शेपटी उचलायची. नानासाहेबांना वाटलं, पडद्यावरचा बैलही तसाच उभा करता येतो. हसू नका. त्यांच्या जागी तिथला कुणीही असता तरी हेच म्हणाला असता.

कमरोद्दीन भोंग्यातनं म्हणाला, "नक्को सरकार. थांबली तर जळती ही. दिवा लई गरम आहे मागं."

"मला बैल उभा करून दाखवत नाही असा दलाल अजून जन्माला नाही आला. हा काय लाटसाहेबाचा बैल हाय का? बन्सी!"

बन्सी त्यांचा गडी. दांडगा. तो गर्दीतनं वाट काढत आला आणि त्यानं कमरोद्दीनला काखेत धरून तिवईवरनं असा उचलला, जसं कुणी पोतं उचलावं. तरी मशीन चालूच होतं. मी फिरत होते. माझे बैल चढ चढत होते. अजूनही काही बिघडलं नव्हतं.

तेवढ्यात तिकिटाच्या खिडकीवरनं बद्रीनाथ धावत आला. मला वाटलं, सुटले. हा मालक आहे. माझं अंग नायट्रेटचं, जरा तापलं की भडकणारं, हे ह्याला ठाऊक आहे. तंबूच्या दारावर 'आत विडी ओढू नये' ही पाटी ह्यानंच रंगवली होती.

बद्रीनाथनं एकदा नानासाहेबांकडं बघितलं. नानासाहेबांच्या शब्दाशिवाय त्या बाजारात तंबूला जागा मिळत नसे. मग त्यानं मशीनचा खटका बंद केला.

मनकर्णाबाई पेटीवरनं उठली. "अहो, नका! पेटंल ती!"

"गप गं. डोळा मिटेस्तोवरचं काम."

मशीन थांबलं की दिवा आणि माझ्यामध्ये एक पत्र्याची झडप आपोआप पडते. माझ्यात आपोआप होणारं एवढंच, आणि तेही मला वाचवण्यासाठी होतं. झडप पडली, पडद्यावर अंधार झाला. लोक बोंबलले, "बैल दावा! बैल दावा!" आणि बद्रीनाथनं उजव्या हाताचं बोट घालून ती झडप वर उचलली. आणि धरून ठेवली.

माझ्या बैलाच्या मानेवर एक तपकिरी डाग उमटला. डागाला फोड आला. फोड फुटून मधनं पांढरं भोक पडलं. लोकांना वाटलं, हेही सिनेमातलंच. कुणी तरी टाळ्या वाजवल्या. "आयला, बैलाला घाम फुटला!" आणि मग मी पेटले. माझ्यासारखीचं पेटणं म्हणजे लाकडासारखं धुमसणं नाही. ओरडायलाही वेळ मिळत नाही. वरचं रीळ गेलं, कापड गेलं, दोर गेले.

बायकांच्या बाजूला वाट एकच, आणि तीही मशीनकडची. सांडूनं पळत जाऊन मागची कनात दोन्ही हातांनी उपटली आणि जळता दोर हातात धरून उभा राहिला, शेवटची बाई बाहेर पडेस्तोवर. बाया, लेकरं सगळी वाचली. सांडूच्या तळहातांची कातडी गेली ती गेलीच. पुन्हा त्याला रुमालाखाली कुणाची बोटं धरता आली नाहीत. आणि कमरोद्दीननं बन्सीच्या हाताला चावा घेऊन स्वतःला सोडवलं आणि माझे राहिलेले डबे उचलून वाळूत फेकले. मी आज जी काही उरले ती त्यामुळं.

जू कशावर टेकतं ते नानासाहेबांना दिसलं का, हे मला माहीत नाही. फेटा मात्र त्यांच्याच डोक्यावर राहिला.

दुसऱ्या दिवशी फौजदार आला. नव्या सरकारचा, पार लांबच्या जिल्ह्यातनं बदलून आलेला. आडतीच्या ओट्यावर टेबल टाकलं. शेजारी खुर्चीवर नानासाहेब. समोर अख्खा बाजार. माझे डबे पुरावा म्हणून टेबलाखाली ठेवलेले, म्हणून मी सगळं ऐकलं आणि पाहिलंही.

"मशीनवर कोण असतं?"

"कमरोद्दीन," दहा तोंडांनी सांगितलं. मागनं कुणी तरी पुटपुटलं, "रझाकाराचं बेणं. मुद्दाम लावली असंल." ज्यानं कडब्याची गंजी राखली, तो रझाकार! मी टेबलाखाली करपले नव्हते तेवढी करपले.

"मालक कुठं होता?"

"मी तिकिटाच्या खिडकीवर होतो, साहेब," बद्रीनाथ म्हणाला. आवाज नेहमीचाच. साखर घातलेला.

कमरोद्दीन म्हणाला, "मैं नहीं साहेब. मला तर बन्सीनं धरलं होतं."

बन्सीनं हाताचं फडकं मागं लपवलं. "म्या? म्या तर पुढं बसलो होतो, नानासाहेबांच्या पायापाशी."

"मग मशीन कुणी थांबवलं?"

आणि इथं कमरोद्दीननं चूक केली. तो बोललाच नाही. तो बद्रीनाथकडं बघत राहिला. त्याला वाटलं, हा सांगेल. दोस्ताचं नाव आपण घ्यायचं नाही, ते त्याच्याच तोंडातनं निघू द्यायचं, असं त्याला वाटलं. बडबड्या माणूस, आयुष्यभर भोंग्यातनं दुसऱ्यांची बोलणी बोलला, आणि स्वतःच्या वेळेला गप्प उभा.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातनं मनकर्णाबाई पुढं आली. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, पण पाऊल ठाम. "म्या सांगते. म्या तिथंच बसलेली होते. आमच्या ह्यांनी थांबवलं. झडप बी ह्यांनीच उचलली. कमरोद्दीनभावजींचा हात बी नव्हता तिथं."

फौजदारानं टाक उचलला.

"ह्यांनी म्हणजे कुणी?" फौजदारानं विचारलं.

"ह्यांनी. आमच्या घरातल्यांनी. मालकांनी."

"बाई, असं चालत नाही. साक्षीत नाव लागतं. नाव सांगा."

आता नवऱ्याचं नाव कुठली बाई घेते? लग्नात उखाण्यात घेईल, हळदी-कुंकवाला आग्रहानं घेईल, तेही लाजत. उगीच घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या मनावर लहानपणापासून ठोकलेलं. आणि इथं तर चारचौघांत, फौजदारासमोर, दोष लावायला! तिची सासू सारजाबाई मागनं कडाडली, "मनकर्णे! स्वतःच्या हातानं कुंकू पुसायला निघालीस का गं?"

बन्सीला जोर चढला. तो ओरडला, "घे वैनी, उखाण्यात घे!

तंबूला लागली आग, धावत आलं गाव,
फौजदारसाहेब पुसतात, घेऊ कसं नाव!"

अख्खा बाजार फुटला. माणसं मांड्यांवर थापा मारून हसली. कुणी म्हणालं, "कमरोद्दीनच्या हातचं पान लई गोड लागतंय वाटतं!" कालच ज्यांच्या बायका-लेकरं सांडूनं ओढून काढली, तेच हसत होते. मनकर्णाबाईच्या पदराआडचे ओठ हलताना मला दिसत होते. नाव तिच्या दाताशी आलं होतं. पण बाहेर पडलं नाही.

फौजदाराला कळलं नव्हतं असं समजू नका. लख्ख कळलं होतं. पण शेजारी नानासाहेब घसा खाकरत होते, आणि नाव कानावर आलं नाही ही त्याला चांगली पळवाट सापडली. तरी लोकलाजेला म्हणून त्यानं बद्रीनाथला विचारलं, "काय हो, तुमचं कुटुंब म्हणतंय ते खरं का?"

एवढा एक क्षण होता. देवानं आणून हातात ठेवलेला. कमरोद्दीन बघतोय, बायको बघतेय, मी टेबलाखालनं ऐकतेय.

बद्रीनाथ हसला. बारीक, समजूतदार हसू. "धूर तिच्या डोक्यात गेलाय, साहेब. बाईमाणूस आहे. तुम्ही मनावर घेऊ नका."

कमरोद्दीननं मान खाली घातली. कोठडीत बसून आला. ऑपरेटरचं लायसन गेलं ते गेलंच. मग एका सकाळी त्यानं भाड्याच्या गाडीवर खाट बांधली, पेटी बांधली, मेहरुन्निसाला आणि सगीराला वर बसवलं आणि जालन्याला निघून गेला. ॲक्शनच्या आगीतनं जो माणूस हलला नाही, तो एका बैलाच्या मानेपायी हलला.

तेव्हापासून बाजारात दोनच गोष्टी सांगतात. रागात असले की कमरोद्दीननं तंबू जाळला म्हणतात. पोट भरलेलं असलं की फिल्म आपोआप पेटली म्हणतात. तिसरी गोष्ट मनकर्णाबाईनं सांगितली होती, ती कुणाला आठवत नाही.

तिनं मात्र एक केलं. माझं उरलेलं रीळ, टोकाला करपलेलं, गोल पत्र्याच्या डब्यात घातलं आणि आपल्या लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवलं. सासूनं फेकायला सांगितलं, नाही फेकलं. नवऱ्यानं विकायला सांगितलं, नाही विकलं. सगळं कुटुंब पुढं औरंगाबादला आलं, बद्रीनाथ एका टॉकीजमध्ये भागीदार झाला, पुढं त्याचा हार घालून सत्कार झाला, आणि मी पेटीत.

आजही त्याच डब्यात आहे. शहराच्या पाट्यांवर आता छत्रपती संभाजीनगर लिहितात. माझ्या डब्यावर काहीच लिहिलेलं नाही. माझी पट्टी आतल्या आत चिकटली आहे, कडेला तांबडी भुकटी झाली आहे, झाकण उचललं तर असा वास येतो की नाक धराल. गाड्या गेल्या, नदी गेली, हौसाबाई गेली. घर आवरताना कुणाला सापडले तर एवढं करा, उजेडाला म्हणून दिवा जवळ आणू नका. आणि सापडले म्हणून माझ्यावर पुन्हा ते पापही ढकलू नका. माझं आता थोडं राहिलंय. एक दुपार सांगते, आणि गप्प होते.

ती दुपार अशी. मनकर्णाबाईचे केस तोवर पांढरे झाले होते. बद्रीनाथ बैठकीत पलंगावर लोडाला टेकून बसला होता. दारात एक बाई आली. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी, डोळ्यांवर चष्मा. म्हणाली, जालन्याहून आले, शाळेत शिकवते, जुन्या तंबू-टॉकीजची माहिती हवी होती.

बद्रीनाथला तेवढंच हवं होतं. त्यानं सगळं सुरू केलं, तंबू, बाजार, भिजवलेला पडदा. आगीपाशी आला तेव्हा तर उठून बसला. "काय सांगू बाई, मी होतो म्हणून माणसं वाचली. ऑपरेटर म्हणजे एक नंबरचा निष्काळजी. तसल्यांवर भरवसा ठेवायला नको होता."

ती शांतपणे म्हणाली, "ते ऑपरेटर माझे अब्बा. मी सगीरा."

पलंग करकरला. पण बद्रीनाथची साखर काही आटली नाही. "अगं, कमरोद्दीनची पोर का तू! मांडीवर खेळवलंय तुला ह्या घरात. कसा आहे तो? जाऊ दे बेटा, झालं गेलं. खरं तर कुणाचाच दोष नव्हता. ती फिल्मच तसली होती, आपोआप पेटली."

पेटीच्या तळाशी माझी उरलीसुरली पट्टी थरथरली.

सगीरा दाराशी उभ्या असलेल्या मनकर्णाबाईकडं वळली. "खाला, अब्बा अंथरुणावर आहेत. आता फार दिवस नाहीत. सासरी मला तोंडावर म्हणतात, तंबू जाळणाऱ्याची पोर. अब्बांना विचारलं तर भिंतीकडं तोंड करतात. परवा एवढंच बोलले, 'भाभी को पूछ.' त्यांना ऐकायला येतंय तोवर मला जाऊन सांगायचंय, की कुणी तरी खरं बोललं. आग कुणी लावली, खाला?"

"मनकर्णे," बद्रीनाथ म्हणाला, "चहा टाक."

मनकर्णाबाई आत गेली. चुलीकडं नाही. पेटी उघडली, लुगडी बाजूला सारली, मला वर काढलं. तिचा अंगठा जुन्या सवयीनं माझ्या झाकणाच्या कडेवरनं फिरला. बाहेर येऊन तिनं मला सगीराच्या दोन्ही हातांत दिलं.

"हे त्याला दाखव. त्यानंच वाचवलं होतं, म्हणून उरलं."

"मनकर्णे, ऐकतेस ना मी काय म्हणतो ते? पाहुण्यांना चहा..."

"आन् त्याला म्हण, भावजी, तवा माझं तोंड उघडलं नाय, आज उघडलं. कुणी लावली ते त्याला ठावंच हाय. पर ते माझ्या तोंडनं जाऊ दे."

तिनं डोक्यावरचा पदर सावरला नाही. पलंगाकडं सरळ बघितलं, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात जे कधी घेतलं नव्हतं ते नाव, शेजारपाजारच्या दारांपर्यंत जाईल अशा आवाजात घेतलं.

"बद्रीनाथ."